निळा शाफ्ट

(लालबागचा उड्डाणपूल, दुपार. उंच केलेली निळी जीप ग्रेगरी चालवतोय, गल्लीतला गॅरेजवाला. शेजारी बसलीय कौसल्या, त्याच्या उस्तादाची, जगदीशची बायको.)

कौसल्या : पन्नासला सुरू होतं म्हणते ना मी. अजून दाब. घाबरतोस काय?

ग्रेगरी : घाबरत नाही वहिनी, पुढे टेम्पो आहे.

कौसल्या : जाईल टेम्पो त्याच्या वाटेनं. हां, हे बघ. आलं. पायाखालून आलं. लागतंय ना तुला?

ग्रेगरी : लागतंय.

कौसल्या : माझ्या कवळीपर्यंत आलं. आता सांग, कोण हलतंय? मी हलतेय? की माझा नवरा हलतोय, जो गाडीत नाहीच, घरी जेवून झोपलाय?

ग्रेगरी : दोन मिनिटं बोलू नका. ऐकू द्या मला.

कौसल्या : मी कुठं बोलतेय. पण हर्षू काय म्हणाला ते तुला कळायला पाहिजे. म्हणे, आई, गाडी नाही हलत, बाबांचे हात हलतात. पोटच्या पोरानं सांगावं हे. अक्षता बाजूला मेथी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणजे नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं. त्याच दिवशी चावी काढून घेतली, आणि आता कुठल्या तरी कर्जतच्या माणसाला गाडी दाखवली. रविवारी न्यायला येणार तो. तीस वर्षं सरकारी वर्कशॉपात गाड्यांखाली आडवा पडलेला माणूस, आणि त्यानं स्वतःच्या गाडीची चावी सुनेकडे मागायची?

ग्रेगरी : मग आज तुम्हाला कोणी दिली?

कौसल्या : देतंय कोण? घेतली. माझ्याच कपाटात ठेवतात आणि माझ्यापासून लपवतात, एवढी अक्कल.

ग्रेगरी : स्टिअरिंगवर हात ठेवा जरा. असा, बाजूनं.

कौसल्या : ठेवला.

ग्रेगरी : हलतंय?

कौसल्या : नाही. हे नाही हलत. मी बसलेय ते हलतंय. पायाखालचा पत्रा हलतोय.

ग्रेगरी : बरोबर. पुढच्या चाकाचं असतं तर स्टिअरिंग हललं असतं. हे मधनं येतंय. आता मी न्यूट्रल करतो, तुम्ही फक्त पायावर लक्ष ठेवा. काय? थांबलं?

कौसल्या : थांबतंय कशाला. तसंच आहे.

ग्रेगरी : इंजिन सुटलं, तरी हलतंय. मग इंजिनाचं नाही, क्लचचं पण नाही. चाकाबरोबर जे फिरतं त्यातलं काहीतरी आहे.

कौसल्या : म्हणजे गाडीतलंच. मग लाव फोन हर्षूला आणि सांग. तुझं ऐकेल तो.

ग्रेगरी : काय सांगू? अजून मलाच कळलं नाही. तुम्ही केस जिंकायला निघालात वहिनी, मला खराबी शोधायचीय.

कौसल्या : केसच आहे रे ही. दोन महिने माणूस खिडकीत बसून खाली उभी गाडी बघतो. आणि खराबी मला विचारशील तर तूच केलीस. हर्षूला डोंगर चढायचं खूळ, आणि तू त्याचं ऐकून हिला चार इंच वर उचललीस. आता मला चढायचं तर मागून ढकलायला माणूस लागतो.

ग्रेगरी : उचलली मी, नाही कुठं म्हणतो. उस्ताद बाजूला उभा होता. गाडी वर गेली की मागची चाकं फिरवणारा मधला शाफ्ट तिरका होतो, आणि तिरका झाला की त्याचे नखरे वाढतात. ते माहीत होतं म्हणून सगळं मोजून केलं, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर दिली. दोन वर्षं चालली ना? डोंगर चढून आली. एकदा तरी तक्रार आली?

कौसल्या : नाही आली.

ग्रेगरी : मग आत्ताच का? कधीपासून सांगा. नीट आठवून.

कौसल्या : भीमजयंतीनंतर. मिरवणुकीत पुढे हीच होती, तेव्हा काही नव्हतं.

ग्रेगरी : मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीनं चालते. तिथं काय कळणार? जयंतीच्या आधी गाडीवर काय काम केलं?

कौसल्या : काही नाही.

ग्रेगरी : वहिनी.

कौसल्या : रंग दिला. रंग देणं हे काय काम झालं?

ग्रेगरी : रंग तर बाहेर दिसतोय. मला काय करायचंय त्याचं. उतरताना सांभाळा, आलं गॅरेज. नाही, बसा बसा, एक राहिलं. इथं उभी करून रिव्हर्स टाकतो, मग पहिला. कान द्या.

कौसल्या : हेच. हेच खाड्‌. तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू येतं. मी म्हटलं अक्षताला, ऐक, गाडी कशी बोंबलतेय. तर म्हणते, बाबांचा पाय क्लचवरून सटकतो, म्हणून वाजतं. आता तुझा पाय सटकला काय?

ग्रेगरी : माझा पाय जागेवर आहे.

कौसल्या : मग?

ग्रेगरी : मग ही लाकडाची गुटकी चाकाला लावा, मी खाली जातो. टॉर्च धराल का? हाताखालचा माणूस आज सुट्टीवर आहे.

कौसल्या : धरते. गुडघे वाजतील तेवढे वाजतील. तुझं गॅरेज काय कधी झाडतोस की नाही? तुझी बायको नॉर्मा येऊन बघत नाही वाटतं.

ग्रेगरी : नॉर्मा माहीमवरून इथं झाडू मारायला येणार? थोडं डावीकडे पकडा. हां. ओ माय गॉड.

कौसल्या : काय झालं?

ग्रेगरी : हे पण निळं केलंत?

कौसल्या : केलं. मीच केलं. तू हिला उंच केलीस आणि हिची लाज उघडी पाडलीस. रस्त्यावरून माणूस चालला की सरळ हिचं पोट दिसतं, कळकट, तेलकट. बाबासाहेबांच्या फोटोपुढं चालणारी गाडी, वर चकाचक आणि खाली गटार? मी यांना म्हटलं, जे जे निघतं ते काढून द्या, मी घासते. मंडळाच्या कमानीचा रंग उरला होता, त्याचेच दोन हात दिले. बायका बघायला आल्या होत्या चाळीतल्या.

ग्रेगरी : जे जे निघतं ते. म्हणजे शाफ्ट काढला होता.

कौसल्या : तो लांब दांडा ना? काढला तर. गॅलरीत पेपर पसरून त्यावर ठेवला होता. दोन तुकडे होते त्याचे.

ग्रेगरी : हां. आता समजतंय थोडं थोडं. हे बघा, हा मी हातानं फिरवतो. दिसतं? सैल आहे, हे जिथं फिरतंय तिथं. याला क्रॉस म्हणतात. ते तुमचं खाड्‌ इथलं आहे.

कौसल्या : सापडलं ना मग. घाल दुसरा.

ग्रेगरी : घालेन. पण हा नवीन होता वहिनी, गाडी उंच करताना मीच टाकलेला. दोन वर्षांत कसा गेला? याला कोणीतरी खाल्लंय. टॉर्च लांबवर मारा, मागच्या टोकापर्यंत. तिथंच धरा. गेला कामातनं. हेच.

कौसल्या : मला समजेल असं बोल. मी चौथी शिकलेय.

ग्रेगरी : शाफ्टाचे दोन तुकडे, एक दुसऱ्यात घुसतो, छत्रीच्या दांडीसारखा. म्हणजे खड्ड्यात गाडी वरखाली झाली की हा लांब-आखूड होतो. दोन्ही टोकांना अशी बेचकी आहे. या दोन्ही बेचक्या एका सरळ रेषेत पाहिजेत. पुढची उभी तर मागची पण उभी. आता बघा, पुढची उभी आहे.

कौसल्या : आणि मागची कललीय.

ग्रेगरी : एकात एक बसवताना आतले तीन-चार दाते चुकले. दोन्ही टोकं एकमेकांशी भांडत फिरतायत, त्यातनं थरथर येते आणि क्रॉस मरतो. गाडी खाली असती, शाफ्ट सरळ असता, तर एवढं समजलं पण नसतं. उंच केल्यावर हे माफ करत नाही.

कौसल्या : म्हणजे चुकीचं बसवलं गेलं.

ग्रेगरी : हो.

कौसल्या : रंगानं झालं ते. काहीतरी खूण असेल, ती माझ्या रंगाखाली गेली. माझीच चूक. लाव फोन हर्षूला, सांग आईनं मुडदा पाडला गाडीचा, बाबांनी नाही.

ग्रेगरी : खूण आहे. थांबा, शाफ्ट उतरवतो, मग दाखवतो. सरका मागे, डोक्यावर येईल.

कौसल्या : अरे दमानं. हात घसरला तर?

ग्रेगरी : घसरत नाही. घ्या, हे टोक पेपरवर ठेवा. आता ही पान्याची धार घेऊन रंग खरवडतो. बघा. एक, दोन, तीन. पंचानं मारलेले ठिपके. शाफ्ट खोलायच्या आधी उस्ताद तीन ठिपके इकडे मारणार, तीन तिकडे. सगळ्या वर्कशॉपात याचंच काम ओळखू यायचं. आणि हे दुसऱ्या तुकड्यावरचे तीन. समोरासमोर पाहिजेत. आहेत कुठं?

कौसल्या : बाजूला गेलेत.

ग्रेगरी : बाजूला गेलेत.

कौसल्या : मग मी काय म्हणते. दिसलेच नाहीत त्यांना. दोन हात दिले होते मी रंगाचे.

ग्रेगरी : वहिनी, हात द्या. अंगठा. ही टोकाकडची त्याची दुसरी खूण, इथं मी खरवडलं नाही अजून, रंग तसाच आहे. फिरवा यावरून.

कौसल्या : काय आहे?

ग्रेगरी : लागतात?

कौसल्या : लागतात.

ग्रेगरी : मी अठरा वर्षांचा होतो, उस्तादनं माझे डोळे बांधले होते गाडीखाली. बोलला, तिथं ग्रीस असतो, चिखल असतो, दिसत काही नाही, खूण डोळ्यानं नाही, अंगठ्यानं शोधायची. तुमचे दोन हात काय, दहा हात मारले असते तरी त्याला लागले असते.

कौसल्या : तू काय बोलतोयस तुला कळतंय का?

ग्रेगरी : मी काही बोलत नाही. शाफ्ट बोलतोय.

कौसल्या : मग त्याला गप्प बसव.

ग्रेगरी : पाणी देऊ?

कौसल्या : नको. ते स्टूल दे इकडे. जयंतीच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. खाली मंडळाची पोरं गाडीसाठी थांबलेली, वर दहा-बारा माणसं घरात, मी खिरीला दूध आटवत होते. हे गॅलरीत बसलेले, दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन. तासभर तरी बसले असतील. मग मला हाक मारली. हळूच. म्हणाले, कौसल्या, याचं तोंड कुठलं गं?

ग्रेगरी : तुम्ही काय बोललात?

कौसल्या : मी काय बोलणार. माझी जीभ तुला माहीत आहे. म्हटलं, तीस वर्षं वर्कशॉपात काय माशा मारल्यात? सगळे हसले. तेही हसले. मग दोन्ही तुकडे एकात एक दाबले आणि उठून खाली गेले.

ग्रेगरी : असं बोलतो आपण. माझ्या घरी पण असंच बोलतात.

कौसल्या : विचारलं होतं रे त्यांनी. मला विचारलं होतं.

ग्रेगरी : अजून काही होतं का असं? घरात?

कौसल्या : नाही.

ग्रेगरी : बरं.

कौसल्या : गॅस चालू राहतो. मागच्या महिन्यात विहारातून येताना पलीकडच्या चाळीत शिरले, तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याचं दार वाजवत होते. तिथली बाई भली, घेऊन आली सोबत. मी तिला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. मी मागं मागं फिरते. गॅस बंद करते, नळ बंद करते, ते नाव विसरले की मी आधीच नाव घेते, म्हणजे समोरच्याला कळत नाही. हर्षूला फक्त हात दिसले. बाकी मी दिसू दिलं नाही. दमले मी, ग्रेगरी. आज गाडीत खोट निघाली तेव्हा एवढं बरं वाटलं होतं.

ग्रेगरी : गाडीत खोट आहेच. हर्षूला मी तेवढंच सांगेन. खोटं नाही ना ते? क्रॉस गेला, शाफ्ट हलत होता, नीट केला. चावी परत मिळेल उस्तादला.

कौसल्या : मिळेल. आणि मग पुलावर कुठं वळायचं ते आठवलं नाही तर?

ग्रेगरी : वहिनी, मागे बघा. उस्ताद आला.

कौसल्या : अगं बाई. कपडे तरी बदलायचे होते. चप्पल कोणाची घालून आलात?

जगदीश : जी दारात होती ती. उठलो तर खाली गाडी नव्हती. म्हटलं हर्षूनं दिली वाटतं. मग म्हटलं, तू पण दिसत नाहीस, म्हणजे ग्रेग्याकडेच असणार.

ग्रेगरी : जयभीम उस्ताद. बस, चहा सांगतो.

जगदीश : चहा राहू दे. शाफ्ट उतरवलास? काय झालं होतं?

ग्रेगरी : क्रॉस गेला.

जगदीश : मागचा?

ग्रेगरी : मागचा. तुकडे वेगळे केले, नवीन टाकतोय. हा बघ, बसला.

जगदीश : बेअरिंगचा कप नीट दाबलास? सुया पडल्या नाहीत ना आत? फिरवून बघ. हं. आता उंच गाडी आहे, हिला ग्रीस महिन्याला लागणार. कोरडा ठेवलास तर परत येईल तुझ्याकडे. बाजूला हो जरा. दुसरा तुकडा दे.

कौसल्या : राहू द्या, तो करतोय ना.

जगदीश : दोन मिनिटांचं काम गं. हे तीन. आणि हे... थांब. हे तीन. धर समोर. सरकव. झालं.

ग्रेगरी : झालं, उस्ताद. एक नंबर.

कौसल्या : बघितलंस? ग्रेगरी, बघितलंस ना? न बघता, अंगठ्यानं जुळवलं.

ग्रेगरी : बघितलं.

कौसल्या : असा हात आहे अजून. उगीच आपण काहीतरी डोक्यात घेतो. त्या दिवशी गर्दी होती, गोंधळ होता, माणूस चुकतो.

जगदीश : रंग छान मारलाय रे ग्रेग्या. खालूनसुद्धा मारलास? तुझ्या गॅरेजात कधीपासून एवढी हौस?

ग्रेगरी : मी नाही, उस्ताद.

जगदीश : मग कोणी मारला?

कौसल्या : मी मारला.

जगदीश : तू? कधी?

कौसल्या : जयंतीला. आपल्या गॅलरीत.

जगदीश : हो का? चांगला मारलास. ओघळ नाही आला कुठं.

ग्रेगरी : मी नट आवळून घेतो. वहिनी, तुमचा फोन वाजतोय. पिशवीत.

कौसल्या : हां, हर्षू, बोल. हो, चावी मीच घेतली. ग्रेगरीकडे आलोय, बाबा पण आहेत. ओरडू नको, ऐक. गाडीतच खोट होती. हो, गाडीत. शाफ्टात. माझ्या पायाला लागलं, ग्रेगरीच्या पायाला लागलं, मी काय भांग पिऊन बसले होते? काढली खोट, झाली नीट. नाही. नाही, जिंकले वगैरे काही नाही. रविवारी येऊ दे त्या माणसाला. हो, येऊ दे म्हटलं, नेऊ दे गाडी. का म्हणजे, उंच आहे, मला चढता येत नाही. आणि ऐक. अक्षताच्या बँकेतली ती बाई, तिच्या सासऱ्यांना परळच्या ज्या डॉक्टरणीकडे नेतात, तिची वेळ घे. विसराळूपणाची ती. कोणाला म्हणजे? माझं नाव लिही. कौसल्या लिही. एकटी कशाला जाईन, बाबा येतील ना माझ्यासोबत. बरं. ठेव आता.

जगदीश : काय झालंय तुला?

कौसल्या : विसरायला होतं मला हल्ली.

जगदीश : बोलली नाहीस कधी.

कौसल्या : काय बोलायचं त्यात?

जगदीश : कधीपासून होतंय?

कौसल्या : झाले दोन-तीन महिने.

जगदीश : येईन मी डॉक्टरकडे. मला वाटलं, घरात मलाच होतंय.